युद्धकालीन लष्करी हवाई वाहतुकीचे इतिहासलेखन : ‘हंप’ मार्गाविषयीच्या साधनांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

इ.स. १९१६ च्या एप्रिल महिन्यात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याला विमानांतून धान्य टाकून जगविण्याचा प्रयत्न झाला. या वेढ्यात सहावी (पुणे) डिव्हिजन अडकली होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळच्या हलक्या विमानांतून टाकलेली काही पोती छावणीत पडली, तर काही तैग्रिस नदीत गेली. गरज भागेल इतके धान्य कधीच पोहोचले नाही आणि २९ एप्रिल रोजी सैन्याने शरणागती पत्करली. वेढलेल्या फौजेला विमानाने रसद पुरविण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. लष्करी हवाई वाहतुकीच्या इतिहासाची सुरुवात अशी अपयशाने झाली आणि त्या अपयशाची झळ महाराष्ट्रातील अनेक घरांना बसली.

पुढे सव्वीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, भारताच्याच भूमीवरून त्या वेळेपर्यंतची सर्वांत मोठी आणि प्रदीर्घ हवाई वाहतूक सुरू झाली. आसाममधील धावपट्ट्यांवरून उडून उत्तर ब्रह्मदेशातील पर्वतरांगा ओलांडीत चीनच्या युन्नान प्रांतातील कुनमिंगकडे जाणाऱ्या या मार्गाला अमेरिकन वैमानिकांनी ‘हंप’ म्हणजे ‘उंचवटा’ किंवा ‘कुबड’ असे नाव दिले. एप्रिल १९४२ पासून युद्धसमाप्तीपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये नेण्यात आला. हवाई वाहतुकीच्या इतिहासात हा आकडा वारंवार उद्धृत होतो आणि बहुतेक ठिकाणी तो या मोहिमेच्या यशाचा अंतिम पुरावा म्हणून येतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही मोहीम नसून तिचे इतिहासलेखन हा आहे. ‘हंप’विषयी जी प्रमुख साधने अभ्यासकांना उपलब्ध आहेत, त्यांची निर्मिती कोणी केली, त्यांनी काय मोजले व काय मोजले नाही, आणि त्यामुळे निष्कर्षांवर कोणता परिणाम झाला, याचा विचार येथे केला आहे. टनांच्या मापाने लिहिलेला हा इतिहास कार्यकारणभावाच्या बाबतीत वाटतो तितका भक्कम नाही, तसेच ज्या भूमीवर ही मोहीम उभी राहिली त्या भूमीला आणि तेथील माणसांना त्याने जवळजवळ वगळले आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. मोहिमेची रूपरेषा

८ मार्च १९४२ रोजी रंगून आणि एप्रिलच्या अखेरीस लाशिओ जपानी सैन्याच्या हाती पडले. त्यामुळे चीनला रसद पोहोचविणारा ब्रह्मदेश मार्ग तुटला. चीनला युद्धात टिकवून धरणे हे अमेरिकेचे राजकीय उद्दिष्ट होते, कारण जपानी सैन्याचा मोठा भाग तेथे गुंतून पडला होता. या परिस्थितीत विमान हाच मार्ग उरला. ‘चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन’ या चिनी-अमेरिकन भागीदारीतील नागरी कंपनीने १९४१ च्या अखेरीसच या मार्गाची पाहणी केली होती. ८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकन लष्करी विमानाने पहिला माल नेला. तो माल म्हणजे डूलिटल यांच्या जपानवरील नियोजित हल्ल्यासाठीचे विमानइंधन होते. १ डिसेंबर १९४२ पासून या कामाची सूत्रे ‘एअर ट्रान्सपोर्ट कमांड’कडे आली.

आसाममधील चाबुआ, दिनजान, मोहनबारी, सुकेरेटिंग, जोरहाट, तेजपूर, मिसामारी आदी धावपट्ट्यांवरून सुमारे ८०० किलोमीटर अंतर पार करावे लागे. ‘हिमालयावरून हवाई वाहतूक’ असे या मोहिमेचे वर्णन प्रचलित असले तरी ते भौगोलिकदृष्ट्या सैल आहे. विमाने प्रथम पटकाईची रांग ओलांडीत आणि नंतर सॅल्विन व मेकाँग या नद्यांच्या दरम्यानची, सुमारे १५ हजार फूट उंचीची रांग पार करीत. पावसाळी ढग, पंखांवर साचणारा बर्फ, प्रचंड वेगाचे वारे आणि जपानी लढाऊ विमाने ही या मार्गाची संकटे होती. सी-४७, सी-४६, सी-८७ आणि शेवटच्या टप्प्यात चार इंजिनांची सी-५४ ही विमाने प्रामुख्याने वापरली गेली.

मे १९४३ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर दरमहा १० हजार टनांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. ते प्रत्यक्षात डिसेंबर १९४३ मध्ये प्रथम गाठले गेले. जुलै १९४५ मध्ये सुमारे ७१ हजार टन हा मासिक उच्चांक नोंदविला गेला, आणि १ ऑगस्ट १९४५ या एकाच दिवशी १,११८ फेऱ्यांतून ५,३२७ टन माल नेण्यात आला. या चढत्या आलेखाभोवतीच या मोहिमेचा इतिहास रचला गेला आहे.

३. ‘टन’ या मापाची चिकित्सा

इतिहाससंशोधकाने प्रथम या आलेखाच्या एककाकडे पाहिले पाहिजे. अमेरिकन नोंदींतील टन हा २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा असतो, तर ब्रिटिश नोंदींतील टन सामान्यतः २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोंचा असतो. हा फरक बारा टक्क्यांचा आहे. ‘हंप’ची नोंद पहिल्या मापात आणि ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या रसदीची नोंद बहुधा दुसऱ्या मापात असल्याने, माप न तपासता केलेली तुलना मुळातच सदोष ठरते.

दुसरा प्रश्न मालाच्या अंतिम उपयोगाचा आहे. ‘चीनला दिलेली मदत’ या शब्दप्रयोगावरून हा सर्व माल चिनी सैन्याला मिळाला असा समज होतो. वास्तविक त्याचा मोठा वाटा चीनमधील अमेरिकन दलांसाठीच, विशेषतः शेनॉल्ट यांच्या चौदाव्या वायुदलासाठी होता. मालात इंधनाचे प्रमाण फार मोठे होते. १९४४ मध्ये चेंगटूजवळील तळांवरून बी-२९ विमानांनी जपानवर हल्ले सुरू केले तेव्हा हे अधिक स्पष्ट झाले. एका विमानाच्या एका हल्ल्यापुरते इंधन व बॉम्ब साठविण्यासाठी त्याच जातीच्या विमानांना पर्वत ओलांडून अनेक फेऱ्या कराव्या लागत. म्हणजे वाहतुकीतून निर्माण झालेली गरज पुन्हा वाहतुकीनेच भागवावी लागे. टनांच्या बेरजेत हा खर्च दिसत नाही.

तिसरा प्रश्न मोजणीच्या स्थानाचा आहे. आसामच्या धावपट्टीवर विमानात चढविलेला माल मोजला गेला, पण तो धावपट्टीपर्यंत आणण्याचे श्रम या हिशेबाबाहेर राहिले. मुंबई, कराची व कलकत्ता या बंदरांपासून आसामपर्यंतचा प्रवास, रुंदमापी रेल्वेतून मीटरमापी रेल्वेत करावी लागणारी मालाची चढउतार, आणि अमिनगाव व पांडू यांच्या दरम्यान पूल नसल्याने फेरीबोटीने ओलांडावी लागणारी ब्रह्मपुत्रा, हे सर्व ‘हंप’च्या आधीचे ‘हंप’ होते. १ मार्च १९४४ पासून या रेल्वेच्या महत्त्वाच्या भागाचे संचालन अमेरिकन लष्करी रेल्वे पथकांकडे द्यावे लागले, हीच गोष्ट अडचणीचे मूळ कोठे होते हे सांगते. विमानांची संख्या वाढली तरी इंधन तळावर पोहोचल्याशिवाय ती उडू शकत नव्हती.

४. टनर यांचे ‘ओव्हर द हंप’ : आत्मकथन आणि सिद्धान्त

या विषयावरील सर्वाधिक प्रभावी पुस्तक म्हणजे जनरल विल्यम टनर यांचे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ओव्हर द हंप’. टनर यांनी सप्टेंबर १९४४ मध्ये या मोहिमेची सूत्रे घेतली. पुढे १९४८-४९ मधील बर्लिनच्या हवाई पुरवठ्याचे आणि कोरियन युद्धातील मालवाहू विमानांचे नेतृत्वही त्यांनी केले. हवाई वाहतूक हे साहसी वैमानिकांचे काम नसून शिस्तबद्ध उद्योग आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञांची स्वतंत्र यंत्रणा हवी, हा त्यांच्या पुस्तकाचा मुख्य विचार आहे.

टनर यांच्या सुधारणा खऱ्या होत्या याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यापूर्वी ६५० उड्डाणतास पूर्ण करणाऱ्या वैमानिकाला मायदेशी परतता येत असे. त्यामुळे वैमानिक अल्पकाळात जास्तीत जास्त तास भरण्याचा प्रयत्न करीत, आणि थकव्याने अपघात होत. टनर यांनी ही मर्यादा ७५० तासांवर नेली व किमान एक वर्षाच्या वास्तव्याची अट घातली. विमानांच्या दुरुस्तीसाठी त्यांनी कारखान्यातील जुळणीसारखी पद्धत आणली. विमान एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर ओढून नेले जाई आणि प्रत्येक टप्प्यावर ठराविक कामच होई. अपघातांच्या चौकशीची नियमित व्यवस्था आणि तळांवरील आरोग्यविषयक शिस्त यांचाही त्यात समावेश होता. अपघातांचे प्रमाण घटले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे.

तथापि वाढलेल्या टनांचे श्रेय प्रामुख्याने व्यवस्थापनाला देणारी मांडणी कालक्रमाच्या कसोटीवर उतरत नाही. मे १९४४ मध्ये सुमारे ११,४०० टन माल गेला होता. ऑगस्ट १९४४ मध्ये, म्हणजे टनर येण्यापूर्वीच, हा आकडा सुमारे २३,७०० टनांवर पोहोचला होता. या तीन महिन्यांत वाहतूक दुपटीहून अधिक झाली. टनर यांच्या पहिल्या महिन्यात, सप्टेंबरमध्ये, ती किंचित घटून सुमारे २२,३०० टनांवर आली. मधल्या काळात घडलेली महत्त्वाची घटना म्हणजे १७ मे १९४४ रोजी उत्तर ब्रह्मदेशातील म्यितकिना येथील धावपट्टी आणि ३ ऑगस्ट रोजी ते शहर दोस्त सैन्याने जिंकले. त्यामुळे जपानी लढाऊ विमानांचा धोका कमी झाला आणि दक्षिणेकडील, कमी उंचीचा मार्ग खुला झाला. सी-५४ हे अधिक माल नेणारे विमान उत्तरेकडील उंच मार्गाला सोयीचे नव्हते. त्याचा उपयोग या दक्षिण मार्गामुळेच शक्य झाला. शिवाय कलकत्त्याजवळील बजबज येथून तिनसुकियापर्यंत टाकलेल्या तेलवाहिनीने १९४४ मध्ये रेल्वेवरील इंधनाचा भार हलका केला. टनर यांच्यापूर्वीचे अधिकारी थॉमस हार्डिन यांनी रात्रीची उड्डाणे सुरू केली होती, हेही विसरता येत नाही.

म्हणजेच पायदळाने जिंकलेली धावपट्टी, अभियंत्यांनी टाकलेली नळवाहिनी, नव्या जातीची विमाने आणि व्यवस्थापन या चार घटकांचा एकत्रित परिणाम जुलै १९४५ च्या उच्चांकात दिसतो. टनर यांच्या कथनात हे घटक अनुपस्थित नाहीत, पण ते पार्श्वभूमीला जातात. याचे कारण पुस्तकाच्या काळात शोधावे लागते. बर्लिननंतर सोळा वर्षांनी, निवृत्त झालेला सेनाधिकारी आपल्या शाखेच्या स्वायत्ततेसाठी युक्तिवाद करीत होता. ‘हंप’ ही त्या युक्तिवादाची पहिली पायरी होती. ‘ओव्हर द हंप’ हे मोहिमेच्या इतिहासाचे साधन आहेच. त्याचबरोबर १९६० च्या दशकातील अमेरिकन वायुदलातील विचारांचेही ते साधन आहे. अभ्यासकाने या दोन्ही नात्यांनी त्याचे वाचन केले पाहिजे.

५. अधिकृत इतिहास आणि नंतरचे संशोधन

क्रेव्हन आणि केट यांनी संपादित केलेल्या अमेरिकन वायुसेनेच्या इतिहासाचा सातवा खंड १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कागदपत्रांवर आधारलेली ‘हंप’ची मांडणी त्यात आहे आणि आजही तिच्यावाचून काम भागत नाही. मात्र विमानदलाच्या इतिहासाच्या चौकटीत लिहिले गेल्याने त्यात जमिनीवरील व्यवस्था ही अडथळ्यांच्या स्वरूपातच येते. रोमॅनस व संडरलँड यांचे अमेरिकन भूदलाच्या इतिहासातील तीन खंड (१९५३, १९५६, १९५९) स्टिलवेल यांचे कार्यालय केंद्रस्थानी ठेवतात. तेथे हवाई माल हा स्टिलवेल, शेनॉल्ट आणि च्यांग काय-शेक यांच्यातील वाटपाच्या भांडणाचा विषय होतो. बार्बरा टकमन यांच्या १९७१ च्या स्टिलवेलविषयक ग्रंथाने हीच दृष्टी सामान्य वाचकांपर्यंत नेली आणि चिनी राजवटीच्या अपयशाचे चित्र दृढ केले.

पुढील संशोधनाने या चित्रात दुरुस्ती केली. हान्स व्हॅन डे व्हेन यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात चिनी बाजूने या संघर्षाकडे पाहिले आणि स्टिलवेलकेंद्रित मांडणीला आव्हान दिले. विल्यम लिअरी यांनी १९७६ मध्ये चिनी-अमेरिकन नागरी कंपनीचा इतिहास लिहून या मार्गाची सुरुवात लष्कराने केली नव्हती हे दाखविले. जॉन प्लेटिंग यांचा २०११ मधील ग्रंथ ‘हंप’ला प्रथमच स्वतंत्र व्यूहात्मक निर्णय म्हणून तपासतो. चीनला युद्धात ठेवण्याचे राजकीय आश्वासन विमानांच्या रूपाने पाळले गेले, ही त्यांची मांडणी टनर यांच्या व्यवस्थापनकथेपेक्षा अधिक व्यापक आहे.

तरीही या सर्व ग्रंथांत एक साम्य आहे. संवाद वॉशिंग्टन आणि चुंगकिंग यांच्यात चालतो. ज्या देशातून विमाने उडाली तो भारत हा केवळ उड्डाणाचे ठिकाण म्हणून येतो. भारतीय बाजूने हे स्थान भरून निघेल अशी अपेक्षा बिशेश्वर प्रसाद यांच्या सर्वसाधारण संपादनाखाली सिद्ध झालेल्या भारतीय सशस्त्र दलांच्या अधिकृत इतिहासमालेकडून करता आली असती. परंतु त्या मालेचा विषय भारतीय पलटणींची कामगिरी हा होता, आणि ‘हंप’ ही अमेरिकन मोहीम असल्याने ती तिच्या कक्षेत पूर्णपणे बसली नाही. सिन्हा व खेरा यांचा भारतीय युद्धअर्थव्यवस्थेवरील खंड (१९६२) रेल्वे, मजूर व चलनवाढ यांची उपयुक्त माहिती देतो, पण ती माहिती हवाई मोहिमेशी जोडण्याचे काम वाचकावर सोडतो. इतिहासाच्या दोन चौकटींमधील फटीत आसाम हरवला, असे म्हणता येईल.

६. मृतांची मोजणी

टनांच्या तुलनेत मृतांचे आकडे अधिक काळजीने वाचावे लागतात. युद्धानंतरच्या नोंदीनुसार या मार्गावर १,३१४ विमानकर्मी मृत म्हणून निश्चित झाले, ३४५ बेपत्ता राहिले आणि १,१७१ जण जंगलातून चालत परत आले. मृत व बेपत्ता यांची बेरज १,६५९ होते आणि बहुतेक ठिकाणी हाच एक आकडा छापला जातो. या बेरजेने ‘मृत’ आणि ‘न सापडलेले’ यांतील भेद पुसला जातो. विमानांच्या बाबतीत ५०९ अपघातांची प्रकरणे बंद झाली आणि ८१ खुली राहिली, म्हणजे एकूण ५९० होतात. इतरत्र किमान ५९४ हा आकडा आढळतो. यांपैकी एअर ट्रान्सपोर्ट कमांडची विमाने ३२८ होती. उरलेली विमाने इतर दलांची व नागरी कंपनीची होती. त्यामुळे केवळ त्या कमांडच्या कागदपत्रांवर विसंबणारा इतिहास हानीचा मोठा भाग वगळतो.

जे १,१७१ जण परतले ते कोणामुळे परतले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. २ ऑगस्ट १९४३ रोजी नागा टेकड्यांवर एक सी-४६ विमान कोसळले. त्यात अमेरिकन पत्रकार एरिक सेव्हराइड होते. एकाचा अपवाद वगळता सर्व जण हवाई छत्रीने उतरून वाचले, नागा गावकऱ्यांनी त्यांना आश्रय दिला आणि नंतर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पथकाबरोबर ते बाहेर पडले. सेव्हराइड यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनामुळे ही घटना जगाला ज्ञात झाली. विमानातील प्रवाशांची नावे, हुद्दे आणि पुढील कारकीर्द इतिहासाला माहीत आहे. त्यांना खाऊ घालणाऱ्या व वाट दाखविणाऱ्या गावकऱ्यांविषयी त्या तपशिलाने लिहिले गेले नाही. नागा, मिश्मी, आदी, काचिन या समाजांच्या साहाय्याशिवाय चालत परतणाऱ्यांची संख्या इतकी मोठी झाली नसती. अधिकृत कागदपत्रांत मात्र हे साहाय्य बहुधा ‘स्थानिक लोक’ या दोन शब्दांत आटोपते.

अरुणाचल प्रदेशाच्या जंगलांत या विमानांचे अवशेष अद्यापही सापडतात आणि २०२३ मध्ये पासीघाट येथे या मोहिमेचे संग्रहालय उघडण्यात आले. अवशेषांचा पत्ता अनेकदा शिकाऱ्यांना व गावकऱ्यांनाच ठाऊक असतो. कागदपत्रांत ‘खुले’ राहिलेले प्रकरण एखाद्या गावाच्या स्मृतीत केव्हाच बंद झालेले असू शकते. मौखिक साधने ही पूरक नसून काही बाबतींत प्राथमिक साधने ठरतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

७. धावपट्टीखालील जमीन

आसाममधील धावपट्ट्या, रस्ते व तळ बांधण्यासाठी मजुरांची फार मोठी गरज होती. चहाच्या मळ्यांतील मजूर ‘इंडियन टी असोसिएशन’च्या मार्फत लष्करी कामांवर पाठविण्यात आले. जेफ्री टायसन यांच्या १९४५ मधील ‘फरगॉटन फ्रंटियर’ या पुस्तकात त्याची हकिगत येते. परंतु हे पुस्तक मळेवाल्यांच्या कर्तृत्वाचे आहे. मजूर त्यात आहेत, मात्र मळेवाल्यांच्या संघटनकौशल्याचा पुरावा म्हणून आहेत. त्यांच्यापैकी किती जण मलेरियाने, अपघाताने किंवा श्रमाने दगावले, त्यांची मोजणी वैमानिकांच्या मोजणीशेजारी कोठेही मांडली जात नाही. युद्धाच्या छायाचित्रांत इंधनाची पिंपे विमानात चढविणारा हत्ती कुतूहलाने टिपला गेला आहे. पिंपे भरणाऱ्या मजुराला ते भाग्यही क्वचितच लाभले.

याच काळात, १९४३ मध्ये, शेजारच्या बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास मानली आहे. हवाई मोहिमेमुळे दुष्काळ पडला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसा सरळ आरोप करणे संशोधनाच्या शिस्तीला धरून होणार नाही. मात्र अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखविल्याप्रमाणे युद्धखर्चातून वाढलेली मागणी व चलनवाढ हे ग्रामीण मजुरांची क्रयशक्ती नष्ट होण्याचे महत्त्वाचे कारण होते, आणि पूर्व भारतातील धावपट्ट्यांचे बांधकाम, जमिनींचे संपादन व रेल्वेवरील लष्करी अग्रक्रम हे त्या युद्धखर्चाचेच भाग होते. ‘हंप’ आणि बंगालचा दुष्काळ एकाच रेल्वेजाळ्यावर, एकाच वर्षी घडले. तरीही दोन्हींची ग्रंथालये वेगळी आहेत. श्रीनाथ राघवन यांच्या ‘इंडियाज वॉर’ (२०१६) आणि यास्मिन खान यांच्या ‘द राज अ‍ॅट वॉर’ (२०१५) या ग्रंथांनी युद्धकालीन भारतीय समाजाचा एकत्र विचार सुरू केला. हवाई वाहतुकीच्या इतिहासाने तो अद्याप पुरेसा आत्मसात केलेला नाही.

८. इंफाळचा प्रतिवस्तुपाठ

‘हंप’च्या लेखनाची मर्यादा इंफाळच्या मोहिमेशेजारी ठेवल्यास अधिक स्पष्ट होते. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला तेव्हा माउंटबॅटन यांनी ‘हंप’वरील २० सी-४६ विमाने वळवून घेतली. पाचवी भारतीय डिव्हिजन माणसे, तोफा व खेचरांसह आराकानमधून विमानाने आणण्यात आली. ‘हंप’ची वाहतूक फेब्रुवारीतील सुमारे १२,९०० टनांवरून मार्चमध्ये सुमारे ९,६०० टनांवर आली, त्याचे हे एक कारण मानता येते. टनांच्या आलेखात ही घसरण अपयशासारखी दिसते. प्रत्यक्षात त्या महिन्यात भारताची सीमा वाचविण्यात त्या विमानांचा वाटा होता. इंफाळ टिकले नसते तर आसामकडील रेल्वेच धोक्यात आली असती आणि ‘हंप’ही बंद पडले असते. केवळ मासिक टन पाहणाऱ्याला हा संबंध कळणार नाही.

फील्ड मार्शल स्लिम यांचा ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ (१९५६) हा ग्रंथही सेनापतीचेच आत्मकथन आहे आणि तोही सावधपणे वाचला पाहिजे. परंतु त्यात हवाई पुरवठा जमिनीवरून पाहिला आहे. वेढ्यात आलेल्या मालाबरोबरच बाहेर काढलेल्या सुमारे १३ हजार जखमी व आजारी सैनिकांची आणि ४३ हजार बिनलढाऊ लोकांची नोंद ते करतात. रेशमी हवाई छत्र्यांचा तुटवडा असताना कलकत्त्याच्या ताग गिरण्यांतून तागाच्या छत्र्या बनवून घेतल्याची हकिगत ते सांगतात. रेशमी छत्रीला २० पौंडांहून अधिक खर्च येई, तागाच्या छत्रीला सुमारे एक पौंड. या एका तपशिलात बंगालचा ताग, गिरणीकामगार आणि रणांगण एका धाग्यात येतात. ‘हंप’च्या साहित्यात असा धागा क्वचितच आढळतो.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या मोहिमेतील सांगशाकची लढाई विशेष महत्त्वाची आहे. मार्च १९४४ च्या शेवटच्या आठवड्यात ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तेथे लढली. त्या अरुंद टेकडीवर टाकलेल्या रसदीतील बराच भाग जपानी सैन्याच्या हाती गेला आणि जवानांना पाण्यावाचून राहावे लागले. विमानदलाच्या हिशेबात हा माल ‘पोहोचविलेला’ होता. टेकडीवरील जवानांच्या हिशेबात तो आलाच नव्हता. कुतच्या वेढ्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी मराठा पलटणीच्या वाट्याला पुन्हा तोच अनुभव आला. हवाई रसदीचे खरे माप विमानात चढविलेला टन नसून माणसाच्या हाती पडलेली शिदोरी आहे, हे सांगशाकएवढे स्पष्टपणे क्वचितच दिसते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) ‘हंप’विषयीचे टनांचे आकडे विश्वसनीय असले तरी ते स्वयंस्पष्ट नाहीत. माप, मालाचा अंतिम उपयोग आणि मोजणीचे स्थान तपासल्याशिवाय त्यांवरून यशापयश ठरविता येत नाही.

(२) टनर यांच्या सुधारणांमुळे अपघात कमी झाले व यंत्रणा शिस्तबद्ध झाली, हे मान्य करूनही वाहतुकीची मोठी वाढ त्यांच्या आगमनापूर्वीच सुरू झाली होती. म्यितकिनाचा विजय, नवी विमाने व तेलवाहिनी यांना या वाढीत मध्यवर्ती स्थान द्यावे लागते.

(३) हानीची गणना अमेरिकन विमानकर्मींपुरती नेमकी आणि इतरांच्या बाबतीत मूक आहे. मजूर व सीमाभागातील समाज यांचा समावेश केल्याशिवाय या मोहिमेची किंमत सांगता येणार नाही.

(४) ‘हंप’, इंफाळ आणि बंगालचा दुष्काळ यांचे लेखन स्वतंत्रपणे झाले आहे. विमाने, रेल्वे व इंधन समाईक असल्याने त्यांचा अभ्यासही एकत्रितपणे व्हावयास हवा.

या दिशेने काम करण्यासाठी परदेशी अभिलेखागारांपर्यंत पोहोचणे सर्वांनाच शक्य नसते. परंतु राष्ट्रीय अभिलेखागारातील रेल्वे व पुरवठा खात्यांची कागदपत्रे, चहामळ्यांची दप्तरे, पलटणींच्या युद्धनोंदी आणि सीमाभागातील मौखिक परंपरा ही साधने भारतातच आहेत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व बेळगाव या जिल्ह्यांत ब्रह्मदेश आघाडीवरून परतलेल्या जवानांची पत्रे, सेवापुस्तिका आणि पदके अनेक घरांत जपलेली असतात. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे आणि कागद वाळवीच्या व पावसाच्या हवाली आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने ही साधने नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास त्यास मोठे अनुदान लागणार नाही, आणि विलंब झाल्यास ते काम कोणत्याही अनुदानाने पुन्हा करता येणार नाही.